पुरेकाकांचं गाठोडं

त्यांचं खरं नाव मला माहीत आहे, पण ते लिहिलं तर ही गोष्ट त्यांची आहे हे त्यांनाच कळायचं नाही. सगळे त्यांना पुरेकाका म्हणतात. चहा ओतायला लागलं की अर्ध्या कपावर हात आडवा, “पुरे.” खुर्ची पुढे केली की कोपऱ्यातलं स्टूल ओढून घेणार, “हे पुरे.” डोक्यावरचे केससुद्धा देवाने त्यांना विचारूनच दिले असावेत. केस कापायचं माझं स्वतःचं दुकान आहे, त्यामुळे त्या डोक्याची माहिती मला ऐकीव नाही. कात्री जरा वाजते न वाजते तोच आरशातून आवाज येतो, “पुरे गं.” असं गिऱ्हाईक सगळ्यांनाच मिळालं तर आमच्या धंद्याला कुलूपच लागेल.

पुरेकाका कृत्रिम पाय बनवतात. माझा डावा पाय त्यांनी बनवलाय. गुडघ्याखालचा मूळचा पाय अपघातात गेला. ती गोष्ट मी कुणाला रंगवून सांगत नाही, कारण तिच्यात माझं कर्तृत्व काहीच नाही, जे काय आहे ते समोरून आलेल्या गाडीवाल्याचं. लोकांना वाटतं, पाय गेला की चालणं जातं. चालणं जात नाही, कुबड्या असतात. पण कुबड्या घेतल्या की दोन्ही हात अडकतात, आणि माझं तर पोटच हातावर. एका पायावर तोल सांभाळत गिऱ्हाइकाच्या कानाजवळ कात्री चालवून पाहिली मी. गिऱ्हाईक शहाणं होतं, उठून गेलं.

तर पाय. पाऊल, नळी, सांधा हे सगळं तयार मिळतं. उरलेला पाय ज्यात बसतो ती वाटी मात्र ज्याची त्याचीच करावी लागते. तिला सॉकेट म्हणतात. जराशी इकडची तिकडे झाली की कातडी सोलते, आणि सोललेल्या कातडीवर उभं राहून दिवस काढणं म्हणजे काय ते विचारू नका. माझं सॉकेट जमायला जवळजवळ वर्ष गेलं. जायचं, घालायचं, जखम घेऊन परत यायचं. मी चिडायचे, ओरडायचे, एकदा तर पाय काढून टेबलावर आपटलाही. काकांनी तो उचलला, पुसला आणि विचारलं, “कुठे?”

हा त्यांचा प्रश्न. डॉक्टरांपासून शेजारणीपर्यंत सगळे विचारतात, “दुखतंय का?” अहो, दुखतंय हे दिसतंय की! काका कधीच तसं विचारत नाहीत. “कुठे?” विचारतात आणि मी बोट ठेवेपर्यंत गप्प बसतात. मग तेवढ्याच जागी किंचित फरक करतात. सॉकेट घालायच्या आधी दोन्ही तळव्यांत धरून ते उबदार करून देतात, कारण गार वाटी अंगावर आली की माणूस दचकतो. हे त्यांना कुणी शिकवलं नसणार. मला शब्द कमी पडत नाहीत, माझं तोंड कात्रीच्या आधी सुरू होतं, पण या माणसाचे उपकार मोजायला बसले की मी अडखळते.

काका मूळचे सुतार. भरपूर भावंडांच्या घरात वाढले. एकच खोली, आणि भिंतीवर प्रत्येकाला एक खुंटी. जे काही तुझं असेल ते त्या खुंटीवर मावलं पाहिजे. मावलं नाही तर ते धाकट्याचं. तेव्हापासून त्यांना जास्तीची वस्तू दिसली की बेचैन व्हायला होतं. लाकडी पाय घडवायला म्हणून ते कृत्रिम पायांच्या कार्यशाळेत आले, पुढे लाकूड गेलं, प्लॅस्टिक आलं, आणि मग एक दिवस कोरणारं यंत्र आलं. पायाचा आकार संगणकात भरायचा, यंत्र तो फोमच्या ठोकळ्यात कोरून देतं, त्या ठोकळ्यावर तापवलेलं प्लॅस्टिक ओढून सॉकेट करायचं. यंत्राचा संगणक विंडोजवर नाही, लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालायचा. कार्यशाळेत बाकी कुणी त्याच्या वाटेला जाईना. काकांनी, केस पांढरे व्हायला लागले होते तेव्हा, पुस्तकं आणून ते शिकून घेतलं. त्यांना लिनक्स फार आवडलं. का, तर नको ते काढून टाकता येतं म्हणून.

त्यांना बायको मात्र देवाने नेमकी उलटी दिली. काकूंची पिशवी एकदा पाहाच. सुईदोरा, बॅटरी, मेणबत्ती, चपलेचा अंगठा, मेव्हण्याच्या चष्म्याची दांडी, कशाचं तरी झाकण. काका म्हणणार, “हे कशाला?” काकू म्हणणार, “असू दे.” काकूंचे वडील नदीवर होडी चालवायचे. काकू लहानपणी त्यांच्याबरोबर जायच्या आणि एक गोष्ट शिकल्या, ती त्या सगळ्यांना ऐकवतात: “पाण्यात गेल्यावर काठावरचं काही आपलं नसतं. जवळ असेल तेवढंच आपलं.” संसारभर या दोघांचं ‘पुरे’ आणि ‘असू दे’ चालू आहे, आणि मी दोघांच्याही बाजूची आहे.

आता मुद्द्यावर येते. माझं सॉकेट तडकलं. दुकानात उभी असताना कट्‌ असा आवाज झाला. गिऱ्हाइकाला वाटलं कात्री. मी खुर्चीच्या पाठीला धरलं म्हणून सावरले. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, मला कार्यशाळेच्या दारात सोडलं आणि तो कामावर गेला. मला काळजी नव्हती. माझा आकार यंत्रात होताच, ठोकळा कोरायचा, नवीन सॉकेट ओढायचं, झालं.

आत गेले तर काका जमिनीवर मांडी घालून बसलेले आणि पुढ्यात दोन संगणक, दोघांची पोटं उघडी. यंत्राच्या संगणकाचा मदरबोर्ड, म्हणजे आतली मुख्य पाटी, आदल्या दिवशी जळाला होता. खोलीत अजून वास होता. काकांनी त्यातल्या दोन्ही डिस्क काढून दुसऱ्या, वापरलेल्याच पण धडधाकट संगणकात बसवल्या होत्या. एकीवर सगळी यंत्रणा आणि पेशंटचे आकार, दुसरीवर त्यांची प्रत.

“बस,” ते म्हणाले. “आत्ता चालू होईल.”

चालू झालं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभरा वर सरकली, आणि थांबली. शेवटी एक ओळ आली आणि तिच्याखाली टिचकी मारल्यासारखा लुकलुकणारा कर्सर.

“काय म्हणतंय?”

“मुख्य डिस्क सापडत नाही म्हणतंय.”

“आणि माझा पाय?”

“त्याच डिस्कवर आहे.”

“प्रत आहे ना?”

“ती दुसरी. तीही सापडत नाहीये.” आणि मग, मी विचारायच्या आधीच, “पायावरून घेतलेले प्लॅस्टरचे साचे मी ठेवत नाही. जागा अडवतात. आणि तडकलेल्या सॉकेटचा आकार खरा राहत नाही.”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. एक आख्खं वर्ष, त्या सगळ्या जखमा, ते सगळं ‘कुठे’, ‘इथे’, ‘आता?’, ‘अजून जरा’, त्या डब्यात होतं. ते गेलं तर पुन्हा प्लॅस्टर, पुन्हा सोललेली कातडी, आणि तोवर दोन्ही हात कुबड्यांना बांधलेले. धाकटी बहीण दुकान उघडून बसते, पण गिऱ्हाइकं तिला विचारतात, ताई कधी येणार. ती किती दिवस विचारतील? समोर दुसरी दुकानं काय कमी आहेत?

काकांनी वायरी काढून पुन्हा लावल्या, मग बदलून लावल्या. डिस्कवर तळवा टेकवून बसले, नाडी बघावी तसे. “फिरतेय,” म्हणाले. मग संगणक चालू होतानाच एक कळ दाबून त्याचा मूळचा निळा मेनू उघडला. तिथे दोन्ही डिस्कची नावं दिसत होती.

“म्हणजे पेटीला, या संगणकाला, दिसतायत,” ते पुटपुटले. “लिनक्सला दिसत नाहीत.” मग पडद्याकडे बघून त्यांनी मला विचारायचे तसंच विचारलं, “कुठे?”

मी गप्प बसणारी नव्हेच. “काका, डिस्क सापडत नाही, तर मघाशी एवढी अक्षरं आली कुठून? तीपण डिस्कवरूनच आली ना?”

त्यांनी वळून बघितलं. “बरोबर विचारलंस. पेटीची स्वतःची थोडी अक्कल असते. ती डिस्कवरून दोन गोष्टी उचलून देते. एक लिनक्सचा गाभा आणि दुसरं एक छोटं गाठोडं. तेवढं दिलं की ती बाजूला होते. पुढे लिनक्सला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं.”

“मग आमची गत कळेल त्याला.”

ते हसले नाहीत. “डिस्कशी थेट बोलता येत नाही. मध्ये कंट्रोलर असतो, बोर्डवरची एक चिप. प्रत्येक कंट्रोलरचं बोलणं निराळं, आणि ते बोलणं ज्याला येतं तो ड्रायव्हर. सगळे ड्रायव्हर ठेवलेत डिस्कवर. पण डिस्क उघडायलाच ड्रायव्हर लागतो.”

“म्हणजे कपाटाची किल्ली कपाटात.”

“म्हणून एक किल्ली बाहेर, त्या गाठोड्यात ठेवतात.” असं म्हणून ते बॅटरीचा उजेड पाडत नव्या बोर्डवरच्या चिपा वाचायला लागले. एका चिपेवर थांबले, तिचं नाव दोनदा वाचलं. मग त्या लुकलुकणाऱ्या कर्सरपाशी काहीतरी टाइप केलं. “जुन्या बोर्डाचा ड्रायव्हर चढलाय. बसलाय आपला. त्याला इथे कामच नाही.” मग नव्या चिपेच्या ड्रायव्हरचं नाव टाकून त्याला हाक मारली. पडद्याने सांगितलं, असा कुणी इथे नाही. त्यांनी एकेक अक्षर तपासून पुन्हा हाक मारली. तेच उत्तर.

काकांनी चष्मा काढला. ते चष्मा काढतात तेव्हा चेहरा एकदम म्हातारा दिसतो.

“मीच काढला,” ते म्हणाले.

“काय काढला?”

“गाठोड्यात कुठले ड्रायव्हर बांधायचे ते सांगता येतं. मूळचं होतं ‘बहुतेक सगळे’. मी केलं, ‘या मशिनला लागतील तेवढेच’. म्हटलं, बाकीचं ओझं कशाला? पुरे.” ते हा शब्द बोलले आणि तिथेच थांबले. “पेटी बदलेल हा विचारच केला नाही.”

सांगते, माझा स्वभाव चांगला नाही. दुसरा कुणी असता तर मी कुबडी उगारली असती. पण रागावणार कुणावर? ज्या माणसाने वर्षभर माझं ओरडणं झेलून मला उभं केलं, त्याच्यावर? आपलेच दात आणि आपलेच ओठ. आणि मला ती चूक कळत होती. ज्याला आयुष्यभर एका खुंटीवर मावायला शिकवलंय तो दुसरं काय बांधणार?

“बरं,” मी म्हटलं, “कुठे ते कळलं ना? मग आता औषध सांगा.”

औषध सोपं होतं म्हणे. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू करायचं. तसल्या पेन ड्राइव्हमध्ये कुठल्याही पेटीला लागतील ते सगळे ड्रायव्हर भरलेले असतात. तो डिस्क उघडून देतो, मग आत शिरून गाठोडं नव्याने बांधायचं. फक्त तसला पेन ड्राइव्ह हवा.

“तुमच्याकडे असेलच की.”

“दोन होते. एकाचं नुसतं झाकण तुटलं होतं, तो टाकायला काढला. दुसरा मागच्या महिन्यात देऊन टाकला एकाला. इथे पडूनच राहिला असता.”

मी कपाळावर हात मारला, कुबडी खाली पडली, आणि ती उचलायला वाकल्या त्या काकूच. डबा घेऊन आल्या होत्या. दारातून अर्धं ऐकलंच होतं त्यांनी. काकांनी थोडक्यात सांगितलं. काकूंनी डबा बाजूला ठेवला, पिशवी टेबलावर उपडी केली, आणि त्या ढिगात हात घातला.

पहिला पेन ड्राइव्ह निघाला. लावला तर त्यावर पुतण्याच्या लग्नाचे फोटो. काकू म्हणाल्या, “अय्या, हा इथेय होय!” आणि एक फोटो मला दाखवायला लागल्या. काका म्हणाले, “अगं!” मग दुसरा निघाला, झाकण नसलेला, चिंधीत गुंडाळून रबर लावलेला.

काका बघतच राहिले. “हा मी टाकला होता.”

“तुम्ही टाकला होता. मी उचलला.”

“कशाला?”

“कशाला म्हणजे? असू दे म्हटलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!”

काकांनी पेन ड्राइव्ह लावला, संगणक पुन्हा चालू केला. अक्षरं धावली, मघाच्या जागेपाशी आली, आणि पुढे गेली. काकांनी एक ओळ टाइप केली. पडद्यावर दोन डिस्कची नावं आली. त्यांनी मोठ्या डिस्कचा एक कप्पा उघडला, त्यात आणखी एक, आणि मग फाइलींची रांग दिसली. त्यांनी खालच्या बाजूच्या एका नावावर बोट ठेवलं.

‘कात्री डावा’.

संगणकात त्यांनी मला हे नाव दिलंय हे मला तोवर ठाऊक नव्हतं. बाकीच्या नावांतही एक ‘पोस्टमन’ होता, एक ‘आजी उजवा’, एक ‘फुटबॉल’. ‘कात्री’ मात्र एकच होती. आधीचे फसलेले सगळे आकार पुसून काकांनी तेवढाच ठेवला होता, जो जमला तो. माझा जीव भांड्यात पडला. मी रडले नाही असं मी सगळ्यांना सांगते. काकूंनी पिशवीतून रुमाल काढून दिला, तो डोळ्यांत काहीतरी गेलं म्हणून घेतला.

“आधी सगळं पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या,” काकू म्हणाल्या. “त्या लग्नाच्या फोटोंमध्ये जागा आहे.”

काकांनी निमूटपणे उतरवून घेतलं. त्या क्षणी पुतण्याच्या वरातीशेजारी गावभरचे पाय जाऊन बसले. मग काका पेन ड्राइव्हच्या वाटेने जुन्या यंत्रणेत शिरले, गाठोड्यात काय बांधायचं ते सांगणारी लहानशी फाइल उघडली, आणि ‘लागतील तेवढेच’ खोडून ‘बहुतेक सगळे’ असं केलं. फक्त दोन शब्दांचं काम. गाठोडं नव्याने बांधायची आज्ञा दिली. ते बांधलं जात होतं तेवढ्यात आम्ही डबा खाल्ला, तिघांत एक. काकूंनी जास्तीचं आणलंच होतं.

“नीट बांधलंत ना?” काकूंनी विचारलं. “आता पाण्यात जायचंय.”

पेन ड्राइव्ह काढला. काकांनी बटण दाबलं आणि हात मागे बांधून उभे राहिले. अक्षरं आली, सरकली, मघाची जागा आली. ती जागा गेलीसुद्धा. नव्या चिपेचा ड्रायव्हर चढला, डिस्क दोन्ही सापडल्या, आणि ओळखीचा पडदा उघडला, कोरणाऱ्या यंत्राचा. काकांनी दुसरं काहीच केलं नाही, सरळ फोमचा ठोकळा चढवला आणि ‘कात्री डावा’ लावला. ठोकळा फिरायला लागला, पांढरा भुसा उडायला लागला, आणि त्यातून हळूहळू माझा पाय बाहेर यायला लागला. आपलाच पाय असा बाहेरून घडताना बघायला मिळणं फार थोड्यांच्या नशिबात असतं. मला त्या दिवशी ते नशीबच वाटलं. त्या भुशात उभे असलेले ते दोघं, एक मोजकंच ठेवणारा आणि एक काहीच न टाकणारी, मला आईवडिलांसारखे वाटले, आणि मी ते त्यांना तिथेच बोलूनही दाखवलं. काका म्हणाले, “बरं बरं, पुरे.”

सॉकेट तयार झालं तेव्हा त्यांनी नेहमीसारखं तळव्यांत धरून ते उबदार केलं, आणि मी घालून उभी राहिले.

“कुठे?” त्यांनी विचारलं.

“कुठेच नाही.”

त्यानंतरच्या आठवड्यात मी दुकान उघडलं. बहिणीने कुबड्या माळ्यावर टाकल्या. सगळ्यात आधी कोण आलं असेल? पुरेकाका. दारात उभं राहून मी कशी चालते ते बघितलं, मग खुर्चीत बसले. बगलेत कापडी पिशवी होती, ती मांडीवर घेतली. मी कात्री लावली. जरा वाजली, आणखी जरा वाजली. मी आरशात बघत होते, आता म्हणतील, आता म्हणतील. म्हणालेच नाहीत. मी मनसोक्त केस कापले त्या माणसाचे, होते तेवढे.

उठल्यावर त्यांनी मांडीवरची पिशवी माझ्यापुढे धरली.

“काय आहे?”

“सॉकेट.”

“कुणाचं?”

“तुझंच. त्याच आकाराचं, आणखी एक.”

“अहो काका, हे छान बसलंय की. कुठेही दुखत नाही. दुसरं कशाला?”

ते आरशात स्वतःच्या डोक्याकडे बघत होते. मान इकडून तिकडे वळवली, कानामागे हात फिरवला.

“असू दे,” म्हणाले.

मी ती पिशवी दोन्ही हातांनी घेतली. हात मोकळेच होते.